मेंदूलहरींचा मेळ मोजताना: ०.८६ हा आकडा नेमका कशाचा?

मला आलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. वीस निरोगी तरुणांचा १९ चॅनेलचा ईईजी, म्हणजे डोक्यावर १९ इलेक्ट्रोड लावून घेतलेली मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद, आहे. सेकंदाला २५६ नमुने, रेफरन्स, म्हणजे ज्याच्या तुलनेत बाकी सगळं मोजायचं तो बिंदू, दोन्ही कान जोडून. दोन मिनिटं डोळे मिटून आणि दोन मिनिटं डोळे उघडे ठेवून नोंद घेतली, प्रत्येकीचे दोन-दोन सेकंदांचे ६० तुकडे पाडले. ८ ते १२ हर्ट्झच्या अल्फा पट्ट्यात, कपाळाच्या वर डावी-उजवीकडे असलेल्या एफ३ आणि एफ४ या इलेक्ट्रोडमधली फेज लॉकिंग व्हॅल्यू, म्हणजे पीएलव्ही, डोळे मिटल्यावर सरासरी ०.८६ आली आणि उघडल्यावर ०.६१. कोहेरन्सही, म्हणजे एखाद्या फ्रीक्वेन्सीला दोन सिग्नल किती जुळतात याचं मापही, त्याच दिशेने बदलला. डोळे मिटल्यावर मेंदूचे दोन्ही अर्धे भाग जास्त जुळवून काम करतात असं यावरून म्हणता येईल का? आणि कोरिलेशन, कोहेरन्स, पीएलव्ही, पीएलआय (फेज लॅग इंडेक्स) यांतलं योग्य माप कोणतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, एवढ्यावरून म्हणता येणार नाही. दुसऱ्याचं उत्तर त्यातूनच निघेल. तुमची गणितं चुकलेली आहेत असं मला वाटत नाही. पण हे आकडे मेंदूत काहीही न जुळता सुद्धा असेच येऊ शकतात, आणि तुमच्या मांडणीत ते तसे यायला चार-पाच वाटा उघड्या आहेत. त्या एकेक करून बंद कराव्या लागतील.

मेळ म्हणजे आपण काय मोजतोय ते आधी पक्कं करू. दोन लहरींची उंची सारखी असायची गरज नाही. एकीचा माथा आणि दुसरीचा माथा यांच्यातलं अंतर, म्हणजे फेजमधला फरक, पुन्हा पुन्हा तोच येतोय का, एवढंच बघायचं असतं. तो फरक शून्य असायलाच हवा असं नाही. १६६५ साली ख्रिस्तियान हॉयगेन्सने एकाच आधाराला टांगलेली लंबकाची दोन घड्याळं पाहिली. लंबक एकमेकांच्या बरोबर उलट दिशेला झुलत होते, म्हणजे फरक १८० अंशांचा, पण पक्का. मेळ पूर्ण होता. तो येत होता दोघांना धरणाऱ्या सामाईक आधारातून. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण ईईजीत असे सामाईक आधार बरेच असतात.

पीएलव्ही चार तुकड्यांवर हाताने काढून बघा. समजा प्रत्येक तुकड्यातला फेजचा फरक ३०, ४०, ५० आणि ६० अंश आला. प्रत्येक कोनासाठी एक एकक लांबीचा बाण काढा आणि चारही बाणांची सरासरी घ्या. सगळे ४५ अंशांच्या आसपास आहेत, त्यामुळे सरासरी बाणाची लांबी ०.९८ येते. आता कोन १०, १००, १९० आणि २८० असतील तर बाण एकमेकांना पुसून टाकतात आणि लांबी शून्य होते. ही लांबी म्हणजे पीएलव्ही. झाँ-फिलिप लाशो, रॉड्रिगेझ, मार्टिनेरी आणि फ्रान्सिस्को व्हारेला यांनी १९९९ मध्ये ती ईईजीसाठी मांडली. लहरींची उंची आणि फेज यांना वेगळं करता यावं हा त्यांचा हेतू होता, कारण कोहेरन्समध्ये दोन्ही मिसळलेले असतात.

पण याच चार बाणांत एक अडचण दडलेली आहे. कोणताही संबंध नसलेले चार कोन स्वैर उचलले, तरी सरासरी बाणाची लांबी क्वचितच शून्य येते. सरासरीने ती ०.४४ च्या आसपास भरते. अंदाजासाठी सूत्र सोपं आहे: ०.८९ भागिले तुकड्यांच्या संख्येचं वर्गमूळ. पन्नास तुकडे असतील तर ०.१३, शंभर असतील तर ०.०९. संबंध शून्य असताना येणारा हा आकडा म्हणजे तुमची जमीन. तुमची मोजपट्टी शून्यापासून सुरू होत नाही, इथून सुरू होते. एका स्थितीत ६० तुकडे आणि दुसरीत, डोळ्यांच्या उघडझापीमुळे काही फेकून दिल्यावर, ३५ उरले असतील तर दोन्हींची जमीनच वेगळी आहे. ३५ तुकड्यांच्या बाजूचा आकडा काही न घडता थोडा वाढतो. त्यामुळे तुकड्यांची संख्या दोन्हीकडे सारखी करा, हे पहिलं काम.

इथे मला तुमच्या वर्णनातली एक गोष्ट खटकली. विश्रांतीच्या नोंदीत उद्दीपन, म्हणजे प्रकाशझोतासारखा बाहेरचा इशारा, नसतं, त्यामुळे बहुतेक विद्यार्थी पीएलव्ही तुकड्यांच्या आडवा, म्हणजे वरच्यासारखा प्रत्येक तुकड्यातला एकेक कोन घेऊन, काढत नाहीत. एकेका तुकड्याच्या आत, वेळेच्या अक्षावर काढतात आणि मग ६० तुकड्यांची सरासरी घेतात. तुम्हीही तसंच केलं असेल, तर दोन सेकंदांत ५१२ नमुने आहेत म्हणून जमीन खूप खाली आहे असं वाटतं. तसं नसतं. ८ ते १२ हर्ट्झ एवढाच चार हर्ट्झचा पट्टा ठेवल्यावर लागोपाठचे नमुने एकमेकांची नक्कल करतात. खरोखर स्वतंत्र माहिती साधारण पट्ट्याची रुंदी गुणिले वेळ, म्हणजे चार गुणिले दोन, आठ नमुन्यांएवढीच उरते. आठ नमुन्यांची जमीन ०.३१ आहे. अशा साठ तुकड्यांची सरासरी काढलीत तरी ती ०.३१ च राहते, कारण सरासरीने चढउतार कमी होतो, जमीन खाली येत नाही. फिल्टर जितका अरुंद, तितका हा खोटा मेळ जास्त. दोन स्वैर गोंगाट संगणकावर तयार करा, तुमच्याच फिल्टरमधून, तुमच्याच तुकड्यांतून, तुमच्याच हिल्बर्ट रूपांतरातून (क्षणाक्षणाची फेज काढण्याच्या गणिती पायरीतून) जाऊ द्या आणि काय येतं ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी ते पहिल्या दिवशी करायला लावतो.

फिल्टरबद्दल आणखी दोनच गोष्टी. आधी सलग नोंदीवर फिल्टर लावा, मग तुकडे पाडा. उलट केलंत तर प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना फेज वाकते. आणि दोन्ही चॅनेलना तोच फिल्टर, पुढून आणि मागून असा दोनदा फिरवून, म्हणजे फेज सरकत नाही.

कोहेरन्सलाही अशीच जमीन आहे. एकाच तुकड्यावर काढलेला कोहेरन्स प्रत्येक फ्रीक्वेन्सीला नेमका १ येतो. तो गणिताचाच भाग आहे, मेंदूचा त्यात काही हात नाही. तुकडे वाढतील तसा तो खाली येतो. २० स्वतंत्र तुकड्यांवर पाच टक्क्यांची मर्यादा, म्हणजे संबंध नसताना शंभरात पाचच वेळा ओलांडली जाणारी, ०.१४६ आहे, ६० वर ०.०५. हे वर्ग केलेल्या कोहेरन्सचे आकडे. मॅटलॅबचं एमएसकोहिअर आणि सायपायचं कोहेरन्स फंक्शन वर्ग केलेलं मूल्य देतात, काही ईईजी पॅकेजेस वर्ग न केलेलं देतात. एकाचा ०.८ म्हणजे दुसऱ्याचा ०.६४. दोन शोधनिबंधांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी हे तपासा.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे कानांकडे. तुमच्या बाबतीत माझा सगळ्यात मोठा संशय तिथे आहे.

ईईजीत एफ३ चा सिग्नल असा काही नसतो. असतो तो एफ३ उणे रेफरन्स. एफ४ ही तसाच, एफ४ उणे रेफरन्स. रेफरन्सवर जे काही चालू आहे ते दोन्हींत, त्याच क्षणी, त्याच चिन्हाने उतरतं. आकड्यांत बघा. एफ३, एफ४ आणि कान, तिन्ही जागी पूर्णपणे स्वतंत्र आणि सारख्या ताकदीचे सिग्नल आहेत असं धरा. एफ३ आणि एफ४ मध्ये काहीही नातं नाही. तरी नोंदीतलं त्यांचं कोरिलेशन ०.५ येईल. आता कानावरच्या सिग्नलची उंची फक्त दुप्पट करा. कोरिलेशन ०.८ होतं. मेंदूच्या दोन भागांत तेव्हाही काही जुळलेलं नाही.

आणि कान शांत असतो हा समज चुकीचा आहे. कानाच्या लगतच मेंदूचा टेम्पोरल भाग आहे. डोळे मिटले की अल्फा वाढतो. येना शहरात हान्स बर्गरने माणसाचा पहिला ईईजी १९२४ मध्ये नोंदवला आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे ठाऊक आहे. हा वाढलेला अल्फा कानांवरही पोचतो. म्हणजे डोळे मिटले की तुमचा रेफरन्सच अल्फात झुलू लागतो आणि एफ३, एफ४ दोघेही त्याच्याबरोबर झुलतात. ०.६१ चं ०.८६ व्हायला एवढंही पुरेसं आहे.

रेफरन्स काय करू शकतो ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बारा जणांच्या नोंदींत एका मुलीचे आकडे वेगळेच येत होते: कोणतीही जोडी घ्या, अल्फात, त्याखालच्या थीटा पट्ट्यात, कुठेही, ०.९ च्या वर. अगदी कपाळ आणि डोक्याची मागची बाजू यांच्यातही. आम्ही दोन दिवस कोड तपासत बसलो. शेवटी कच्ची नोंद पडद्यावर लावली तर एकोणीसच्या एकोणीस रेषा एकदमच वर जात होत्या, एकदमच खाली येत होत्या, पाण्यावरच्या होड्यांसारख्या. डाव्या कानाची पेस्ट सुकली होती आणि इलेक्ट्रोडची वाटी चिकटपट्टीच्या एका कडेवर लटकत होती. पुन्हा बोलावून नोंद घेतली, आकडे इतरांसारखे आले. तेव्हापासून कच्ची नोंद डोळ्यांखालून घातल्याशिवाय मी कुठलाही कोहेरन्स बघत नाही.

रेफरन्स बदलून बघा: सगळ्या इलेक्ट्रोडची सरासरी, आणि त्यानंतर लाप्लासियन, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडमधून त्याच्या शेजाऱ्यांचा वाटा वजा करणं. १९ इलेक्ट्रोडवर दोन्ही ओबडधोबडच असतात. सरासरी रेफरन्सही शून्य होत नाही, आणि लाप्लासियनला ६४ असतील तर बरं. तरी तीनही पद्धतींत टिकलेल्या निष्कर्षावर मी विश्वास ठेवतो, एकातच दिसणाऱ्यावर ठेवत नाही.

रेफरन्सइतकीच मोठी दुसरी वाट म्हणजे वहन. मेंदूतल्या एका जागेचा विद्युत प्रवाह मेंदूद्रव, कवटी आणि त्वचेतून पसरतो आणि एकाच वेळी अनेक इलेक्ट्रोडवर उमटतो. देवळाच्या एका भोंग्याचा आवाज गावातल्या दोन घरांत ऐकू आला म्हणून ती घरं एकमेकांशी बोलत आहेत असं होत नाही. एकमेकांपासून साधारण दहा-बारा सेंटिमीटरच्या आत असलेल्या इलेक्ट्रोडमध्ये याचा परिणाम ठळक असतो, आणि तुमची एफ३-एफ४ जोडी त्याच टापूत येते.

या दोन्ही खोट्या मेळांना एक खूण आहे. वहनाला वेळ लागत नाही, ते त्याच क्षणी घडतं. म्हणून त्यातून येणारा फेजचा फरक शून्य असतो, किंवा चिन्ह उलटलं तर १८० अंश. म्हणून पीएलव्हीचा आकडा बघण्याआधी सरासरी बाणाची दिशा बघा. माझ्या मते कोणत्याही निबंधात लांबीबरोबर दिशा छापणं सक्तीचं करायला हवं. तुमचे ०.८६ शून्य अंशांवर उभे असतील, आणि मला वाटतं असतील, तर ते एकाच उगमाचे दोन ठसे आहेत हे गृहीत धरून पुढे चला.

याच खुणेवर पुढची मापं उभी आहेत. गिडो नोल्टे आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कोहेरन्सीचा, म्हणजे वर्ग करण्याआधीच्या आणि दिशा राखणाऱ्या कोहेरन्सचा, फक्त काल्पनिक भाग वापरायचं सुचवलं; फरक शून्य किंवा १८० अंश असला की हा भाग शून्य होतो. तात्काळ मिसळणीतून फक्त वास्तव भाग तयार होतो, काल्पनिक भाग व्हायला मध्ये काही वेळ जावाच लागतो. कोर्नेलिस स्टाम यांचा २००७ चा पीएलआय एवढंच विचारतो, की फेजचा फरक सतत एकाच बाजूला, पुढे किंवा मागे, आहे का. फरक शून्याच्या जवळ असला की किंचित गोंगाटानेही त्याचं चिन्ह उलटतं आणि पीएलआय डळमळतो. म्हणून मार्टिन विंक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये शून्याजवळच्या फरकांना कमी वजन देणारा भारित पीएलआय आणला. कमी तुकड्यांवर तोही फुगतो, त्यासाठी त्याचं दुरुस्त रूप आहे, तेच वापरा.

याची किंमतही समजून घ्या. ही मापं शून्य फरकाचा खरा मेळही फेकून देतात, आणि असा मेळ मेंदूत असतो. एंगल, कोनिग, क्राइटर आणि सिंगर यांनी १९९१ मध्ये मांजराच्या दोन्ही बाजूंच्या दृश्य भागांत थेट आत इलेक्ट्रोड ठेवून जवळजवळ शून्य फरकाचा मेळ दाखवला. दोन अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम कापल्यावर तो नाहीसा झाला. कवटीबाहेरून हे दोन प्रकार वेगळे काढण्याची सोय पीएलआयमध्ये नाही. म्हणून पीएलआय शून्य आला तर 'संबंध नाही' असं लिहू नका. 'फरकासह संबंध आढळला नाही' असं लिहा.

पुढची वाट अल्फाच्या ताकदीची. गोंगाटाच्या वर सिग्नल जितका उंच, तितकी फेज स्वच्छ मोजता येते. डोळे उघडे असताना अल्फा बसलेला असतो, फेज अर्धी गोंगाटाची असते आणि पीएलव्ही पडतो. मिटले की अल्फा उठतो, फेज स्वच्छ होते आणि पीएलव्ही चढतो. संबंध तोच, दिसायला लागला एवढंच. पीएलव्ही उंचीपासून मुक्त आहे हे फक्त सूत्रात खरं आहे, मोजमापात नाही. डोळे उघडे असतानाचे जास्त अल्फाचे तुकडे आणि मिटलेले असतानाचे कमी अल्फाचे तुकडे असे निवडा की सरासरी ताकद सारखी होईल, आणि मग फरक उरतो का बघा. बहुतेक वेळा बराचसा विरघळतो.

तुम्ही अल्फावर थांबला आहात हे चांगलं आहे, पण पुढे गॅमाकडे, म्हणजे ३० हर्ट्झच्या वरच्या लहरींकडे, जाल म्हणून सांगून ठेवतो. ३० ते ४५ हर्ट्झमध्ये एफ७ आणि टी३ या डाव्या कानशिलाजवळच्या इलेक्ट्रोडमध्ये, मनातल्या मनात वजाबाकी करताना, मला एकदा सुंदर मेळ सापडला होता. शंभरातून सात, पुन्हा सात. उत्तर अडलं की मेळ वाढायचा. ते लोक उत्तर अडलं की दात आवळत होते. जबड्याचा स्नायू दोन्ही इलेक्ट्रोडखाली पसरलेला असतो. २००७ मध्ये विथम आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांचे स्नायू औषधाने पूर्ण शिथिल करून ईईजी घेतला तेव्हा २० हर्ट्झच्या वरचा बराचसा सिग्नल नाहीसा झाला. २००८ मध्ये युव्हाल-ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की चित्र दिसल्यावर येणारी गॅमाची लाट डोळ्यांच्या बारीक हालचालींतूनही येते. आणि ४५ च्या थोडं वर गेलात की आपल्याकडचा पन्नास हर्ट्झचा वीजपुरवठा सगळ्या चॅनेलना एकत्र बांधून ठेवतो.

उद्दीपनाचे प्रयोग करणार असाल तर आणखी एक. प्रत्येक प्रकाशझोताला दोन्ही जागा स्वतंत्रपणे त्याच वेळी प्रतिसाद देत असतील तरी तुकड्यांच्या आडवा पीएलव्ही चढतो. अशा वेळी एका चॅनेलच्या तुकड्यांचा क्रम पिसा आणि पुन्हा मोजा. पिसल्यावरही जे उरतं ते झोताचं, जे जातं ते दोघांमधलं. निदान दोनशे वेळा पिसा आणि तुमचा खरा आकडा त्या ढिगात कुठे बसतो ते बघा.

आणि सगळं साफ केल्यावरही एक प्रश्न उरतो, ज्याला वरचं कोणतंच माप उत्तर देत नाही. दिंडीतले दोन टाळकरी एका ठेक्यावर टाळ वाजवतात, तेव्हा ते एकमेकांचं ऐकत असतीलच असं नाही. दोघेही मृदंगाकडे कान लावून असतात. मेंदूत असा मृदंग म्हणजे खोल मध्यभागी असलेला थॅलॅमस असू शकतो, किंवा तिसरा एखादा भाग. फेजमध्ये पुढे असलेल्यालाच कारण ठरवू नका. १० हर्ट्झला ३० अंश पुढे म्हणजे ८.३ मिलिसेकंद पुढे, आणि तेच ३३० अंश मागे म्हणजे ९१.७ मिलिसेकंद मागे. लहर गोल फिरते, तिला आपला पुढचा-मागचा कळत नाही. दिशा सांगणारी ग्रेंजरसारखी मापं आहेत, पण एक चॅनेल दुसऱ्यापेक्षा जास्त गोंगाटाचा असला की तीही उलटा बाण दाखवतात. १९ इलेक्ट्रोडवर मी त्या वाटेला जाणार नाही.

माप कोणतं, या प्रश्नावर आता येता येईल. कोरिलेशन सोडा, कारण ते सगळ्या फ्रीक्वेन्सी एकत्र कालवतं आणि ९० अंशांचा पक्का मेळही त्याला शून्य दिसतो. मुख्य निष्कर्षासाठी दुरुस्त भारित पीएलआय किंवा काल्पनिक कोहेरन्सी घ्या, दोन्ही नकोत, एकच, आणि ते आकडे बघण्याआधी ठरवा. पाच मापं काढून ज्यात सांख्यिकीय महत्त्वाचा तारा दिसला ते छापायचं, ही सवय आपल्या क्षेत्राचं फार नुकसान करते आहे. सोबत पीएलव्ही दिशेसकट द्या. एकोणीस इलेक्ट्रोडच्या १७१ जोड्या होतात, पाच टक्क्यांच्या मर्यादेने त्यांतल्या आठ-नऊ नुसत्या योगायोगानेच उजळतील, म्हणून अनेक तुलनांची दुरुस्ती करा.

तुमच्या हातातल्या नोंदीवर क्रमाने असं करा. आज कच्च्या रेषा बघा, विशेषतः दोन्ही कानांच्या जवळचे टी३ आणि टी४. उद्या स्वैर गोंगाटावर तुमची जमीन काढा. मग रेफरन्स बदलून तीनदा मोजा, अल्फाची ताकद समान करून पुन्हा मोजा, आणि वीसही जणांच्या एफ३-एफ४ च्या फेजच्या फरकाचं वर्तुळाकार आलेखात चित्र काढा, प्रत्येकाचं वेगळं. त्याच बरोबर एफ३ आणि ओ२ (डोक्याच्या मागे, उजवीकडे) ही लांबची, तिरकी जोडीही तपासा. तिथे वहन कमी असतं. त्या जोडीत बाण शून्यापासून ढळलेले आणि बहुतेक जणांत एकाच बाजूला कललेले दिसले, तर ते चित्र घेऊन पुन्हा विचारा. तेव्हा बोलायला खरंच काहीतरी असेल.